मागचं क्रँक सील गळतंय: गिअरबॉक्स उतरवायचा का, आणि उतरवलाच तर काय काय बघायचं?

यवतेश्वर_पायथा (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. गाडी जुनी वॅगन आर, १०६१ सीसी, पेट्रोल, एमएच ११ पासिंग. रोज सातारा ते कोरेगाव शाळेत जाणं-येणं, आणि सुट्टीला यवतेश्वरचा घाट चढून कासकडच्या गावी. गेल्या पावसाळ्यापासून पार्किंगच्या फरशीवर काळं ऑइल ठिबकतंय. आधी रुपयाएवढा डाग पडायचा, आता सकाळी बशीएवढा असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं एकमेकांना जोडलेत, बरोबर त्या सांध्याखाली.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, बॅटरी मारली आणि सांगितलं, "मॅडम, क्रँकचं मागचं सील गेलंय. इंजिन उतरवावं लागेल, तेव्हा हाफ इंजिनचं कामच करून टाका." (क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, सील म्हणजे त्याच्याभोवतीची ऑइल अडवणारी रिंग, आणि हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलणं.) खर्चाचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास जातो. इंजिन धूर देत नाही, उचल चांगली आहे, अ‍ॅव्हरेजही पडलेलं नाही. मग एका सीलसाठी हाफ इंजिन कशाला? आणि दोष सीलचाच आहे हे आधी पक्कं कसं करायचं? माझा हात पान्यापर्यंत पोचतो, गिअरबॉक्सपर्यंत नाही. पण समोर बसून काम करून घ्यायची तयारी आहे. काय बघायचं, काय विचारायचं ते सांगा.

माण_खटाव

ताई, थेंबाचा रंग आणि वास सांगा. क्लच सरकतोय का? म्हणजे चढावर रेस वाढते पण गाडी त्या मानानं पुढं जात नाही, असं होतं का?

कृष्णाकाठ

नमस्कार ताई. मी सांगलीचा. सगळी नोकरी बस आणि ट्रकच्या वर्कशॉपमध्ये गेली, आता घरी असतो. हाफ इंजिनचं तूर्त डोक्यातून काढून टाका. जे इंजिन धूर देत नाही आणि ऑइल पीत नाही, ते सील गळतंय म्हणून कोणी खोलत नाही. गिअरबॉक्स मात्र खाली घ्यावा लागतो, त्याला इलाज नाही. तुमच्या गाडीत इंजिन आडवं आहे, त्यामुळं हे 'मागचं' सील गिअरबॉक्सच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या, पाठीमागं बसलेलं आहे.

गिअरबॉक्सला हात लावण्याआधी एवढं बघाच. सांध्याखाली ऑइल दिसलं की निम्मे मिस्त्री मागच्या सीलचं नाव घेतात. ऑइल वरून खाली येतं आणि येताना सगळं ओलं करत येतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग कडक झालं की मागच्या कोपऱ्यातून पाझरतं, हेडच्या कडेनं उतरतं आणि बेल हाऊसिंगच्या (फ्लायव्हील आणि क्लचवरच्या कवचाच्या) कानावर येऊन टपकतं. बऱ्याच जुन्या मारुतींत डिस्ट्रिब्युटर हेडच्या त्याच टोकाला असतो. त्याची ओ-रिंग गेली तरी ऑइल थेट गिअरबॉक्सवर पडतं. ऑइल प्रेशर स्विच गळतो, ऑइल चेंबरचं (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग गळतं. ही कामं एका दुपारची आणि थोड्या पैशांची. ती न बघता गिअरबॉक्स उतरवला तर नवं सील घालूनही फरशीवर डाग तसाच.

इंजिन गार असताना डिझेल आणि ब्रशनं ती सगळी बाजू वरपासून खालपर्यंत धुऊन घ्या. वायरिंग आणि अल्टरनेटर झाकून ठेवा. कोरडं झालं की टाल्कम पावडर उडवा, हेडपासून खालच्या सांध्यापर्यंत. गाडी चालवून आणा आणि बॅटरी मारून बघा. पावडरीवर ऑइलची वाट उमटते. वाट वरून आली असेल तर वर शोधा. वरचं सगळं पांढरं आणि फक्त बेल हाऊसिंगच्या पोटातून ओल आली असेल तर सील.

बेल हाऊसिंगच्या आतूनही दोन वाटा आहेत, हे लक्षात ठेवा. एक क्रँकचं सील, दुसरं गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) सील. खाली पांढरा पुठ्ठा टाका. इंजिन ऑइल काळं, पातळ, जरा जळकट वासाचं. गिअर ऑइल दाट, मधासारखं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. एकदा घेतला की विसरत नाही.

यवतेश्वर_पायथा

काका, खूप आभार. आता रविवारी हेच करते. @माण_खटाव, हो. घाटात तिसऱ्यावर रेस उगाच चढते. मोळाच्या ओढ्याच्या सिग्नलला थांबून निघताना कधी कधी करपल्यासारखा वासही येतो.

माण_खटाव

मग क्लच प्लेटला ऑइल लागलंय, नाहीतर प्लेट झिजलीय. दोन्हींत गिअरबॉक्स खाली येणारच. म्हणजे मजुरी एकदाच.

वाई_पसरणी

एक सुचवू का? गळती थांबवणारं औषध मिळतं बाटलीत, इंजिन ऑइलमध्ये ओतायचं. माझ्या भावाच्या गाडीला चाललं. गिअरबॉक्स उतरवण्याआधी एकदा करून बघायला काय हरकत आहे?

कुपवाड_वर्कशॉप

दादा, हरकत आहे, का ते सांगतो. त्या औषधानं रबर फुगतं आणि मऊ होतं. कडक झालेलं रबरी सील काही दिवस बरं वागतं. पण हे औषध एकट्या मागच्या सीलला जाऊन लागत नाही, इंजिनातलं जे जे रबर ऑइलला शिवतं ते सगळं फुगतं. टेफ्लॉनची पट्टी असलेली नव्या पद्धतीची सीलं असतील तर त्यांच्यावर काहीच होत नाही. सीलचा ओठ (क्रँकला घासणारी आतली कड) फाटला असेल किंवा क्रँकवर चर पडला असेल तर बाटलीनं तो भरून येत नाही. ताईंचा क्लच तर आत्ताच सरकतोय. बाटली ओतली तरी ऑइल प्यायलेली प्लेट सुधारणार नाही, आणि घाटात सरकणारा क्लच धोक्याचा आहे. गाडी विकायला काढताना लोक हे औषध ओतून देतात ते मी बघितलंय. मला ते पटत नाही.

जाड ऑइल घालायचा सल्लाही कोणी देईल. थंडीत सकाळी चालू करताना त्याचा त्रास होतो, आणि गळती नुसती हळू होते.

यवतेश्वर_पायथा

पावडरीचा प्रयोग केला. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून खरंच एक बारीक ओघळ आला होता! पॅकिंग बदलून घेतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर. आता वरचं सगळं पांढरं आहे, पण बेल हाऊसिंगच्या बुडातून थेंब येतोच. पुठ्ठ्यावर काळं, पातळ. गंधकाचा वास नाही. म्हणजे क्रँकचंच सील ना? मग ते गेलं कशानं? सव्वा लाख किलोमीटर काही फार नाहीत.

कृष्णाकाठ

हो ताई, आता क्रँकचंच म्हणा. आणि 'गेलं कशानं' हा प्रश्न सील विकत घेण्याआधी विचारलात हे फार चांगलं केलंत.

सीलला काम किती असतं बघा. क्रँकचा तिथला व्यास ८० मिलिमीटर धरला आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असलं, तर सीलच्या ओठाखालून लोखंड सेकंदाला साडेबारा मीटर वेगानं सरकतं. म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. वर्षानुवर्षं, गरम तेलात. साधं नायट्राइल रबर शंभर अंशांच्या पुढं कडक व्हायला लागतं, व्हायटॉन दोनशेपर्यंत टिकतं. म्हणून नवं घेताना व्हायटॉनचं मिळतंय का विचारा, आणि चांगल्या कंपनीचं घ्या. सीलची किंमत शेकड्यांत, मजुरी हजारांत. सीलमध्ये पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर काढणारी वाट. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये उतरतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि नळीतून परत इनटेकला ओढला जातो. नळी चिकट मळीनं बुजली की आत दाब साठतो आणि सगळ्यात कमजोर सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. अशा गाडीला कितीही नवं सील घाला, वर्षभरात पुन्हा तेच. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. पिशवी हलकी आत ओढली गेली तर ब्रीदर ठीक. फुगून वर उडायला लागली तर ब्रीदर तरी बुजलाय, नाहीतर रिंगा तरी झिजल्यात. रिंगा झिजल्या असतील तरच त्या हाफ इंजिनच्या गोष्टीला अर्थ आहे.

यवतेश्वर_पायथा

पिशवी आधी फुगत होती! पीसीव्ही काढला तर आत काळं लोण्यासारखं साचलेलं. व्हॉल्व्ह नवा घातला, नळी केरोसीननं धुऊन वाळवून लावली. आता पिशवी आत ओढली जाते. काका, तुमचे उपकार कसे फेडू. थेंब कमी झालेत, पण थांबले नाहीत. क्लच तर करायचाच आहे. कामाला देते. मिस्त्रींसमोर बसून काय काय बघू?

कुपवाड_वर्कशॉप

ताई, हे जरा सविस्तर लिहितो, कारण हे काम बिघडतं ते घाईनं.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली आहे ना, हे आधी बघा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून कोणी खाली शिरत असेल तर काम थांबवा. बॅटरी काढायची, गिअर ऑइल काढायचं, एक्सल ओढायचे, स्टार्टर, क्लच केबल, गिअरचे रॉड सोडायचे. गिअरबॉक्सचं माउंटिंग सोडण्याआधी इंजिनाला वरून आधार हवा. आडवा बार टाकून किंवा चेन पुलीला टांगून. ऑइल चेंबरखाली जॅक लावून इंजिन तोलायची सवय वाईट, चेंबर चेपतं. गिअरबॉक्स इंजिनापासून सरळ बाजूला सरकवून काढायचा. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमध्ये असताना सगळं वजन त्यावर लोंबलं तर प्लेट वाकते.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे ढिले करायचे. फ्लायव्हील काढण्याआधी क्रँकवर आणि त्यावर जुळणारी खूण मारून घ्यायला सांगा.

आता मुद्द्याचं. फ्लायव्हील निघालं की आधी हात थांबवा आणि बॅटरी मारून ओल कुठं आहे ते बघा. सीलच्या ओठापाशी ओल असेल तर सील. पण तुमच्या इंजिनाला सील एका छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये बसतं आणि ते हाऊसिंग ब्लॉकला बोल्टनं लागतं, मागं कागदी पॅकिंग असतं. ओल त्या पॅकिंगच्या कडेनं असेल तर नुसतं सील बदलून उपयोग नाही. मी तरी हाऊसिंग काढूनच काम करतो. सील टेबलावर सपाट दाबून बसवता येतं आणि पॅकिंगही नवं होतं. हाऊसिंगला खालून चेंबरचे बोल्ट येतात, ते आधी सोडायचे. ब्लॉक, हाऊसिंग आणि चेंबर तिन्ही भेटतात त्या दोन कोपऱ्यांत परत लावताना सिलिकॉनचा हरभऱ्याएवढा ठिपका द्यायचा. सगळीकडं फासायचं नाही. जास्तीचं सिलिकॉन आत गळून पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं.

कोणी हाऊसिंग न काढता सील ओढणार असेल तर स्क्रू ड्रायव्हर क्रँकला लागू देऊ नका. क्रँकवर एक ओरखडा पडला की नवं सीलही गळणार.

जुनं सील निघालं की क्रँक पुसून त्यावरून नख फिरवा, आडवं. सीलचा ओठ जिथं घासतो तिथं चर पडलेला असतो. नखाला नुसती चमक जाणवली तर चालेल. नख अडकलं तर नवं सील त्याच जागी बसवू नका.

माण_खटाव

नख अडकलं तर पुढं काय? क्रँक काढून ग्राइंडिंग?

कुपवाड_वर्कशॉप

तेवढ्यासाठी क्रँक काढायची गरज नाही. दोन उपाय आहेत. हाऊसिंगमध्ये जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर कमी किंवा जास्त खोल बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागी घासतो. मात्र आत ऑइल परत जायचं भोक असेल तर ते बुजता कामा नये, आणि सील फ्लायव्हीलला लागता कामा नये. दुसरा उपाय म्हणजे क्रँकवर चढवायची पातळ स्टीलची बाही. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह त्यातलीच, भिंत ०.२८ मिलिमीटर जाडीची. इतकी पातळ की मूळ मापाचंच सील वर चालतं. माप मायक्रोमीटरनं घ्यायचं, चरात नाही, चराच्या बाजूला.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडं. रबरी ओठाला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं. टेफ्लॉनचं सील असेल तर बरोबर उलट: क्रँक आणि ओठ दोन्ही कोरडे ठेवायचे, ऑइल नाही, ग्रीस नाही, सोबत आलेली प्लास्टिकची रिंग बसवेपर्यंत काढायची नाही, आणि नंतर साधारण चार तास इंजिन चालू करायचं नाही. पाकिटावरची सूचना वाचाच.

हाऊसिंग क्रँकवर सरकवताना ओठ आत दुमडतो, हा नेहमीचा घोटाळा. पाण्याच्या बाटलीची पट्टी कापून क्रँकच्या कडेभोवती गुंडाळली की ओठ त्यावरून अलगद सरकतो, मग पट्टी ओढून घ्यायची. सील ठोकायला लाकडाचा सपाट ठोकळा. हातोडीचा थेट दणका बसला तर आतली स्प्रिंग निसटते, आणि ते गाडी खाली उतरून ठिबकायला लागेपर्यंत कळत नाही.

फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क पान्यानंच, मॅन्युअलमधल्या आकड्यानं. काही इंजिनांत त्या बोल्टांची भोकं आत ऑइलपर्यंत आरपार असतात, तिथं आट्यांना सीलंट लागतं. ते विसरलं तर थेंब पुन्हा क्लचमध्येच.

हळद_पेठ

कुपवाडकर दादा, मी सांगलीचाच. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात आमची गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती. इंजिनात पाणी गेलं नव्हतं, ऑइल स्वच्छ निघालं. पण वर्षभरानं तिथंच ठिबकायला लागली. संबंध असेल का?

कुपवाड_वर्कशॉप

असू शकतो. बेल हाऊसिंग काही पाण्याला बंद नसतं. पुराच्या पाण्याबरोबर बारीक गाळ आत जातो आणि सुकला की सीलच्या बाहेरच्या कडेला चिकटून बसतो. अशा गाड्या उघडल्यावर फ्लायव्हीलवर गंज आणि खाली गाळाची पापडी मी बघितलीय. क्रँकचा सीलबाहेरचा भाग गंजला असेल तर तो बारीक पॉलिश पेपरनं, ऑइल लावून, गोल फिरवत साफ करा. आडवा घासू नका. आडवी रेघ म्हणजे ऑइलला वाट.

यवतेश्वर_पायथा

काम झालं. गोडोलीतल्या एका मिस्त्रींनी केलं. पहिल्या दिवशीच त्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "असं विचारणारं गिऱ्हाईक असलं की काम करायला बरं वाटतं."

फ्लायव्हील निघाल्यावर त्यांनीच मला खाली बोलावून दाखवलं. सीलच्या खालच्या अर्ध्या ओठाला ओल, हाऊसिंगचं पॅकिंग कोरडं. तरी हाऊसिंग काढलंच. जुनं सील हातात घेतलं तर ओठ रबराचा वाटतच नव्हता, बांगडीसारखा कडक, आणि दाबल्यावर एका जागी चरचर तडा गेला. क्रँकवर नख फिरवलं. चमकदार पट्टी होती, नख अडकलं नाही. मिस्त्रींनी तरीही सील किंचित बाहेर ठेवलं.

क्लच प्लेटच्या एका बाजूला ऑइल मुरून काळपट चकाकी आली होती. पेट्रोलनं धुऊन चालेल का असं विचारलं, तर ते म्हणाले की वरचं निघतं, पण प्लेट गरम झाली की आतलं पुन्हा बाहेर येतं. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही नवीन घातली. इनपुट शाफ्टचं सीलही बदललं, गिअरबॉक्स उघड्यावर होताच. सगळ्याचा मिळून खर्च त्या पहिल्या आकड्याच्या पाव हिश्श्याच्या आत बसला. काल यवतेश्वर चढून आले, तिसऱ्यावर. पुठ्ठा कोरडा आहे.

कृष्णाकाठ

छान झालं ताई. क्रँकची पुढं-मागं हालचाल बघितली का त्यांनी? फ्लायव्हील धरून ढकलायचं-ओढायचं. थ्रस्ट वॉशर झिजले असतील तर क्रँक सरकत राहतो आणि नवं सील टिकत नाही.

यवतेश्वर_पायथा

हो काका, डायल गेज लावून बघितली. मापात आहे म्हणाले.

चाफळ_खोरं

धागा वाचून मीही गाडीखाली शिरलो. माझी जुनी डिझेल जीप आहे. बेल हाऊसिंगच्या बुडाशी एक भोक आहे, त्यातून ऑइल ठिबकायचं. गेल्या वर्षी एकानं ते एम-सीलनं बंद करून दिलं. तेव्हापासून अंगणात डाग नाही. चालेल ना?

कुपवाड_वर्कशॉप

नाही दादा, आजच काढा. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आत आलेलं ऑइल बाहेर पडावं म्हणून. बंद केल्यावर ऑइल आतच साठतं, फ्लायव्हील ते उडवतं आणि क्लच प्लेट भिजते. डाग नाही म्हणजे सगळं आत आहे. भोक उघडताना खाली भांडं ठेवा आणि किती निघतं, कशाचा वास येतो ते इथं लिहा. गंधकाचा आला तर गिअरबॉक्सचं सील, नाहीतर क्रँकचं. काम केल्याशिवाय भार घालून घाटात नेऊ नका.

चाफळ_खोरं

काढलं. चहाचा कप भरून निघालं. काळं, पातळ, वास जळकट. क्रँकचंच दिसतंय. ब्रीदरची नळी आता संध्याकाळी काढून बघतो.